सोमवारचा तास

३ जून २०२४, सोमवार

उन्हाळी सुट्टीनंतर पुण्यातली आमची दिव्यांगांची कार्यशाळा आज भरली. तपकिरी कागदाचे ताव जोडून जमिनीवर पसरले आणि पणत्या रंगवणाऱ्या दादाला त्यावर उताणं झोपवलं. बाकीच्यांनी स्केचपेनने त्याच्याभोवती रेघ मारली. तो उठला तर खाली त्याचाच आकार, टाळ्या पडल्या. मग एकेक चिठ्ठी त्या-त्या जागी डकवायची. डोकं, कान, खांदा, पोट इथवर सुरळीत चाललं. कमरेखाली आल्यावर मागच्या रांगेत खिदळणं सुरू झालं आणि नवीन शिक्षिका खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी चिठ्ठ्या पुढं केल्या: शिश्न, अंडकोष, गुद. दुसऱ्या कागदावर बाईचं शरीर काढलं होतं, त्यासाठी स्तन आणि योनी.

यांची वयं एकोणीस ते एकावन्न. कोणाला डाउन सिंड्रोम, कोणाला सेरेब्रल पाल्सी, कोणी ऑटिस्टिक, बरेचसे नुसतेच 'समज कमी' या शेऱ्यावर शाळेतून बाहेर पडलेले. हे लोक फायली शिवतात, वाती वळतात, पिशव्यांचा हिशेब चुकू देत नाहीत. पण अंडकोषाला सूज आली तर काय सांगतील? "पाय दुखतो" म्हणतील, आणि डॉक्टर पायाचा एक्स-रे काढतील. कोणी नको तिथं हात लावला तरी हीच अडचण. जागेला नाव असलं तर तक्रारीची सुरुवात तरी होते.

पालिकेच्या दवाखान्यात नर्स म्हणून जन्म गेला, तिथं आरोग्यशिक्षण म्हणजे भिंतीवरचं पोस्टर. इथं पोस्टर कोणी वाचत नाही हे एका परीनं बरंच आहे.

१० जून, सोमवार

"पोट दुखतंय का?" "हो." "पोट दुखत नाही ना?" "हो."

आज हा खेळ मी मुद्दाम शिक्षिकांसमोर खेळले. समोरच्याला बरं वाटावं, विषय लवकर संपावा म्हणून हो म्हणायची सवय या मंडळींना लहानपणापासून लागलेली असते. दोन पर्याय दिले तर पुष्कळजण शेवटचा उचलतात. दवाखान्यात नेमका असाच प्रश्न येतो, आणि त्या 'हो'वर औषध लिहिलं जातं.

चेहऱ्यांची पट्टी आणली होती, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. दुखणं किती ते बोट ठेवून दाखवायचं. निम्म्यांनी हसऱ्यावर बोट ठेवलं, कारण तो छान आहे! पट्टी बाजूला ठेवली. त्याऐवजी "दाखव" सुरू केलं: कुठं ते हाताने दाखव, आत्ता आहे की नाही ते सांग, काल जेवलास का ते सांग. हो-नाहीने भागणार नाही असे प्रश्न विचारायला वेळ लागतो. तेवढा वेळ ओपीडीत नसतो हे मला माहीत आहे, मी टेबलाच्या त्या बाजूला बसलेली आहे. म्हणून इथं आधी तालीम करायची.

१५ जून, शनिवार

एका मुलाचे वडील घरी आले. रिक्षा चालवतात. चहा संपेपर्यंत पावसाबद्दल बोलले. मग खाली बघत म्हणाले, "सिस्टर, बाईमाणसाला कसं विचारू, पण दुसरं कोणी नाही. पोरगा सव्वीसचा झाला. घरात सगळ्यांसमोर पँटीत हात घालतो. मी मारतो. मारून पण ऐकत नाही."

परदेशी पुस्तकांत याचं उत्तर सरळ असतं: ही गोष्ट चुकीची नाही, खाजगी आहे, आपल्या खोलीत, दार लावून. पण यांच्या घरात खोली एक, माणसं सहा, आणि संडास वस्तीचा सार्वजनिक. 'आपली खोली' कुठून आणायची? बोलता बोलता आम्हीच ठरवलं. पडदा लावलेली मोरी, ठरलेली वेळ, त्या वेळी आजी शेजारी जाऊन बसेल, आणि नंतर साबणाने हात. सांगायचं वडिलांनी, आईने नाही. मारणं बंद. मारल्याने तो लपून करायला शिकेल, आणि लपायची सवय लागली की उद्या दुसऱ्या कोणी त्याला लपवून काही केलं तरी तो सांगणार नाही.

र. धों. कर्व्यांनी लैंगिक शिक्षणाचं मासिक 'समाजस्वास्थ्य' काढलं १९२७ साली, आणि १९५३ मध्ये देह ठेवेपर्यंत चालवलं. त्याच महाराष्ट्रात अजून एका बापाला हे विचारण्याआधी अर्धा तास पावसावर बोलावं लागतं.

२४ जून, सोमवार

एरंडवण्यात झिकाचे रुग्ण सापडले, पेपरात दोन दिवस तेच आहे. म्हणून आजचा धडा बदलून डासाचा घेतला. एडिस दिवसा चावतो, स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. डेंगी, चिकुनगुन्या, झिका तिन्ही त्याच्याकडून. एवढं सगळं सांगत बसले नाही. काचेच्या बरणीत अळ्या आणल्या होत्या, त्या वळवळताना सगळ्यांनी पाहिल्या. मग बॅटऱ्या वाटल्या आणि इमारतभर शोध. फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीतलं टायर. कधीच न बोलणाऱ्या ताईने माझा हात धरून व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये नेलं आणि मनी प्लांटच्या बाटलीकडे बोट दाखवलं. अळ्या! व्यवस्थापकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आता दर सोमवारी पाणी ओतून द्यायचं काम तिचं, आणि तिला ते अधिकाराने करताना पाहिलं की केबिनमधले लोक पाय वर घेतात.

संध्याकाळी न्यायला आलेल्या एका आईने पेपर पुढं केला. गरोदरपणी झिका झाला तर बाळाचं डोकं लहान राहू शकतं, ब्राझीलमध्ये २०१५ च्या साथीत तसं झालं होतं, असं त्यात छापलेलं. तिचा मुलगा बाजूलाच चप्पल घालत होता. त्याचं डोकं लहान आहे. "माझ्या वेळी हे होतं का हो?" तिने विचारलं. तेहेतीस वर्षांपूर्वी पुण्यात झिका असण्याचं कारण नाही, असं मी सांगितलं. गरोदरपणातले इतर जंतुसंसर्ग, जनुकांतले फरक, कितीतरी कारणं असतात आणि बऱ्याचदा कारण सापडतच नाही. तिला उत्तर नको होतं बहुतेक. दोष आपला नाही एवढं पुन्हा एकदा ऐकायचं होतं.

१ जुलै, सोमवार

पालख्या पुण्यात मुक्कामाला. रस्ते बंद, हजेरी चौघांची. त्यांच्याबरोबर हात धुवायचे टप्पे केले आणि वारकऱ्यांना वाटायला पाण्याचे ग्लास भरले. ग्लासाच्या कडेला बोट लागू द्यायचं नाही, हा धडा त्यातच झाला.

८ जुलै, सोमवार

फायली मोजणारा दादा गेले काही आठवडे उजव्या गालावर चापट्या मारून घेतोय. वागणूक बिघडली म्हणून मानसोपचारतज्ज्ञांनी गोळी वाढवली, त्याने तो दुपारी झोपायला लागला. चापट्या चालूच. आज मी बॅटरी घेऊन तोंड उघडायला सांगितलं. खालची दाढ काळी, आणि हिरड्या दातांवर चढलेल्या. फिट्ससाठी तो वर्षानुवर्षं फेनिटॉइन घेतो. त्याने हिरड्या अशा वाढतात, आणि खाली अन्न अडकत राहतं. त्याचं दुखणं त्याने आपल्या परीनं सांगितलं होतं. आपण सगळ्यांनी ते त्याच्या मंदपणाच्या खात्यावर टाकलं. दुखणं कान, दात, आम्लपित्त, बद्धकोष्ठ यातलं काहीही असो, बोलता न येणाऱ्या माणसाची वागणूक अचानक बदलली की आधी शरीर तपासायचं, हे मी आता कार्यशाळेच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवलंय. डेंटिस्टची वेळ बुधवारची.

बाकीच्यांचा आज दात घासायचा तास. उलट्या टोकाकडून शिकवतो आम्ही: आधी सगळं मीच करायचं आणि शेवटची चूळ तेवढी त्याची. ती जमली की तिच्या आधीची पायरी. काम 'झालं' हा आनंद पहिल्याच दिवशी मिळतो. एकीला आता फक्त पेस्टचं झाकण उघडायचं राहिलंय.

१३ जुलै, शनिवार

पालकसभा. विषय 'पाळी आणि स्वच्छता' असा लिहिला होता, पुरुष पालक दोनच आले.

एका आईने उभं राहून स्पष्ट विचारलं, "पिशवी काढून टाकली तर?" मुलगी एकोणीस वर्षांची आहे. दर महिन्याला डाग पडलेले कपडे, तिचं किंचाळणं, घरात मोठा दीर. आणि मग ते वाक्य, जे या सभांमध्ये कोणी ना कोणी बोलतंच: "मी गेल्यावर हे कोण करणार?"

मी १९९४ सालचं सांगितलं. त्या फेब्रुवारीत शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींना ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशयं काढायला घेतली होती. पाळीची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, हे कारण. महिला संघटनांनी आणि अपंगांसाठी काम करणाऱ्यांनी आवाज उठवला, देशभर गाजलं, शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या. त्या दिवसांत नर्सेसमध्ये दोन तट होते आणि दोन्हीकडच्या बायका तळमळीने बोलत होत्या, हे मला आठवतं. आज कायदा निःसंदिग्ध आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६, कलम १०: मूल होण्याची क्षमता जाईल असा कोणताही उपचार त्या व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २००९ साली चंडीगडच्या एका प्रकरणात सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रीचा गरोदर राहण्याचा निर्णय तिचाच मानला.

पण कायदा सांगून त्या आईच्या घरचे कपडे धुतले जात नाहीत. म्हणून दुसरी गोष्ट सांगितली, जी तिला जास्त लागली. पिशवी काढल्याने मुलीवरचा अत्याचार थांबत नाही. दिवस राहिले की निदान कळतं. पिशवी नसली की तेही कळत नाही, आणि ज्याला हे ठाऊक आहे त्याचं फावतं. मोठ्या दिराचा उल्लेख तिने उगीच केला नव्हता. ती खाली बसली आणि बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली. सभेनंतर तिच्याशी वेगळं बोलले, ते इथं लिहीत नाही.

मग प्रात्यक्षिक. निकरवर स्केचपेनने पॅडचा आकार काढायचा म्हणजे कुठं लावायचं ते दिसतं. पॅडवर लाल शाई टाकून आईने स्वतः ते बदलून दाखवायचं, वर्तमानपत्रात गुंडाळून टाकायचं. पाळी नसतानाच्या दिवसांत कोरडं पॅड तासभर लावून सवय करायची, कारण किंचाळणं बऱ्याचदा रक्ताला नसून त्या चिकट, करकरीत स्पर्शाला असतं. काहींना जुनं मऊ सुती कापडच चालतं, तर तेच. रोज धुवून उन्हात वाळवलं की झालं. कॅलेंडरवर लाल टिकली. फार दुखत असेल, फार जात असेल, तर औषधं आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. पण मुलीला बाहेर बसवून नाही, आत नेऊन.

शेवटी एका वडिलांनी विचारलं, "आणि हे सगळं समजल्यावर त्यांच्या डोक्यात नको ते येणार नाही का?" त्यांना दोन आयांनीच परस्पर उत्तर दिलं. मला तोंड उघडावं लागलं नाही.

२२ जुलै, सोमवार

'नको' म्हणायचा तास. सपशेल पडला.

मी हात पुढं करायचा, त्यांनी मोठ्याने "नको!" म्हणून मागं सरायचं. कोणी म्हणेना. एकाने "नको" म्हटलं आणि लगेच "सॉरी सिस्टर." सांगितलेलं ऐकायचं, उलट बोलायचं नाही, मोठ्यांच्या पाया पडायचं, काका म्हणाले तर मांडीवर बसायचं, हे आपण यांना वीस-वीस वर्षं घोटून शिकवतो. बक्षिसं त्याचीच देतो. मग एका सोमवारी बॅटरी नि खडू घेऊन कोणीतरी येते आणि म्हणते, नाही म्हणा. मी यांच्या जागी असते तर मीही गोंधळले असते.

शिक्षिकांशी जेवणाच्या सुट्टीत भांडण झालं, चांगलं कडकडीत. माझं म्हणणं, 'नको'ची सुरुवात जेवणाच्या डब्यापासून व्हायला हवी. भाजी नको, तर नको. आज राख्या नको, पणत्या करतो, तर करू दे. त्यांचं म्हणणं, राखीपौर्णिमेची ऑर्डर कोण पुरी करणार? दोघींचंही बरोबर. एवढी सवलत मिळाली: रोज सकाळी प्रत्येकाने दोन कामांतलं एक निवडायचं, आणि निवडलं नाही तर त्यावर कोणी भाषण द्यायचं नाही.

न्यायालयातही 'नको'च्या या प्रश्नाचं टोक आहे. वय अडतीस, पण समज सहा-आठ वर्षांच्या मुलाएवढी, अशा स्त्रीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं की मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्यातलं वय म्हणजे जन्माचं वय, मनाचं नव्हे. म्हणजे अठरा ओलांडलं की त्या कायद्याचं छत्र गेलं. पुढं सगळा भार तिने काय सांगितलं त्यावर.

२५ जुलै, गुरुवार

खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रस्त्याला घरांत पाणी. आमच्यातली तीन घरं त्यात सापडली. माणसं सुखरूप. एकाची फिट्सची औषधं वाहून गेली आणि चिठ्ठीही. फिट्सचं औषध एकदम तुटणं धोक्याचं, दुपारपर्यंत दुकानदाराकडच्या जुन्या बिलावरून डॉक्टरांना फोन करून मिळवलं. औषधाचं नाव आणि मात्रा प्रत्येकाच्या दिव्यांग कार्डाच्या मागं लिहून लॅमिनेट करायची. पालकांच्या मोबाईलवर फोटोही हवा.

५ ऑगस्ट, सोमवार

राख्यांच्या गाठी मारण्यात पटाईत असलेली आमची ताई गाठ विसरायला लागलीय. वय चव्वेचाळीस, डाउन सिंड्रोम. जिन्यात थांबते, डुलक्या काढते, वजन वाढलंय, चेहरा सुजरा. वहिनी म्हणाल्या, "यांचं असंच असतं ना आता, म्हातारपण लवकर येतं."

येतं, हे खरं. एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत असते, आणि अल्झायमरशी संबंध असलेल्या प्रथिनाचं जनुक नेमकं त्याच गुणसूत्रावर आहे. त्यामुळे चाळिशीनंतर विसराळूपणाकडे लक्ष ठेवावं लागतं. पण थायरॉइड मंदावणंही यांच्यात फार आढळतं, त्याची लक्षणं हुबेहूब हीच, आणि ते रोजच्या एका गोळीने सुधारतं. त्याची तपासणी दरवर्षी व्हायला हवी. हिची किती वर्षांत झाली नाही, वहिनींना आठवेना. दोष त्यांचा कसा म्हणू? अमेरिकेत १९८३ च्या सुमारास डाउन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुर्मान पंचवीसच्या आसपास होतं, आता साठीच्या घरात आहे. ही माणसं म्हातारी होतील असं गृहीत धरून कोणी काही लिहिलंच नव्हतं.

रक्त द्यायची तालीम आज सगळ्यांचीच घेतली. दंडाला रबरी पट्टा, स्पिरिटचा थंड कापूस, मूठ घट्ट, दहापर्यंत आकडे. सुई नाही. ताईने पट्टा माझ्या हाताला बांधला, आणि चांगला करकचून. गाठ बरोबर बसली.

१२ ऑगस्ट, सोमवार

रिपोर्ट आला, थायरॉइडच निघालं. ताई, वहिनी आणि मी डॉक्टरांकडे.

डॉक्टर तरुण, सभ्य. तरी सवयीने वहिनींकडे बघून विचारलं, "यांना काय त्रास होतो?" ताईने पिशवीतून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. कार्यशाळेतच केलेलं आहे ते: 'माझ्याशी बोला. हळू बोला. एका वेळी एकच विचारा.' डॉक्टरांनी ते वाचलं, खुर्ची वळवली.

"किती दिवसांपासून दमायला होतं?"

"सोमवार," ताई म्हणाली.

वहिनी हसल्या. डॉक्टर हसले नाहीत, याचं मला फार बरं वाटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं की दिवस-महिने नको, घडलेलं काहीतरी धरा. त्यांनी विचार केला. "पालखी आली तेव्हा जिना चढताना दम लागायचा?"

"पालखी... पाणी वाटलं. लागला. बसले."

"त्याच्या आधी, उन्हाळ्याच्या सुट्टीत?"

"आंबे खाल्ले," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "झोप येत होती."

सहा मिनिटं लागली असतील. बाहेर रांग होती. पण केसपेपरवर पहिल्यांदाच तिच्या तोंडचं काही लिहिलं गेलं.

गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा तास आधी. "कोण लक्षात ठेवणार?" डॉक्टरांनी विचारलं. ताई म्हणाली, "मी." वहिनींनी गोळ्यांची बाटली उचलून आपल्या पर्समध्ये टाकली. ताईने पर्सकडे बोट केलं, "माझी गोळी." "अगं, विसरशील तू!" वहिनी म्हणाल्या, आणि तेही खोटं नाही.

रिक्षात तिघी. सात कप्प्यांची डबी घ्यायची, ब्रशच्या ग्लासाशेजारी ठेवायची, गोळी घेतली की कॅलेंडरवर टिकली. पर्समधून महिन्याच्या नव्हे, आठवड्याच्याच गोळ्या बाहेर येतील आणि रविवारी डबी भरायची दोघींनी मिळून, असा मार्ग मी सुचवला. पुढच्या सोमवारी राखीची सुट्टी. त्याच्या पुढच्या सोमवारी गोळ्यांचा तास लावलाय, आणि त्याला वहिनींनीही बसायचं असं सांगून ठेवलंय. येते म्हणाल्या नाहीत, येणार नाही असंही म्हणाल्या नाहीत.